गाडी ‘बसली’, आता स्प्रिंग कोणती घ्यायची?

प्रतिनिधी, पुणे

दहा-बारा वर्षे वापरलेली मोटार एके दिवशी नेहमीच्याच गतिरोधकावर पोट घासते. मेकॅनिक चाकावरच्या कमानीत हात घालून पाहतो आणि निदान करतो, ‘साहेब, गाडी बसली आहे. स्प्रिंगा टाकाव्या लागतील.’ इथपर्यंत बहुधा सारे बरोबर असते. चूक होते ती पुढच्या अर्ध्या तासात. सुट्या भागांच्या दुकानात फोन जातो, गाडीचे नाव आणि साल सांगितले जाते, दुकानातला मुलगा दुचाकीवरून दोन स्प्रिंगा आणून देतो आणि त्या जागेवर बसतात म्हणून बसवल्या जातात. स्प्रिंग जागेवर बसणे आणि ती त्या गाडीची असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या घाईत कोणाच्या लक्षात येत नाही.

प्रस्तुत प्रतिनिधीलाही हे उशिराच कळले. दुसऱ्या हातची, डिझेलवर चालणारी छोटी मोटार पुढून खाली आली होती. ओळखीच्या गॅरेजमध्ये पुढच्या दोन्ही स्प्रिंगा बदलल्या आणि आठवडाभरात आई-वडिलांना घेऊन ताम्हिणी घाटातून कोकणात जाण्याचा योग आला. उतारावरच्या एका वळणावर, ब्रेक दाबलेला असताना, पुढचे चाक खड्ड्यात गेले. धाडकन आवाज झाला, स्टिअरिंगला हिसका बसला आणि गाडी वळणाच्या बाहेरच्या बाजूला वीतभर सरकली. समोरून वाहन येत नव्हते, म्हणून हा लेख लिहिता येत आहे. परतल्यावर सोसायटीतल्या त्याच मॉडेलच्या डिझेल गाडीशेजारी आपली गाडी उभी केली आणि टेपने मोजले. नव्या स्प्रिंगा घालूनही आपली गाडी पुढून दीड सेंटिमीटर खाली होती. स्प्रिंगा नव्या होत्या, ओरिजिनल होत्या, त्याच मॉडेलच्या होत्या. फक्त त्या पेट्रोल गाडीच्या होत्या. दुकानदाराने ‘डिझेल की पेट्रोल?’ असे विचारले नव्हते आणि गॅरेजवाल्याने सांगितले नव्हते.

पाट्यांच्या काळातली सवय

या निष्काळजीपणाला थोडा इतिहासही आहे. अॅम्बॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या दोन गाड्यांवर आपल्याकडच्या गॅरेजांच्या दोन पिढ्या शिकल्या. दोन्ही गाड्यांना मागे पाटे होते. पाटे बसले की ते उतरवून ठोकून पुन्हा कमानदार करून घेता येत, एखादा पाटा तुटला तर तेवढाच बदलता येई आणि टॅक्सीवाला जास्तीचा एक पाटा घालून ओझ्याची सोय करून घेई. पाट्यांची स्प्रिंग अशी दुरुस्त करता येत होती, वाढवता येत होती. तारेच्या वेढ्यांची स्प्रिंग तशी नाही. ती कारखान्यात एकदा घडते, तिचे सारे गुण तेव्हाच ठरतात आणि नंतर तिच्यात काही सुधारता येत नाही. तिच्या बाबतीत ग्राहकाच्या हाती एकच गोष्ट असते, ती म्हणजे निवड. तरीही ‘गरम करून उंच करून देतो’, ‘एक वेढा कापून देतो’, ‘मध्ये रबर टाकून देतो’ अशी आश्वासने आजही ऐकू येतात. ती पाट्यांच्या काळातली आहेत.

आधी, स्प्रिंगच गेली आहे का?

स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या भाषेतले ‘शॉकअप’, यांची कामे वेगळी आहेत. गाडीचे वजन पेलणे आणि तिची उंची राखणे हे स्प्रिंगचे काम. दबलेली स्प्रिंग उसळून पुन्हापुन्हा खालीवर होऊ नये म्हणून त्या हालचालीला आवर घालणे हे शॉक अॅब्सॉर्बरचे काम. म्हणून गतिरोधक ओलांडल्यावर गाडी दोन-तीन वेळा डुलत राहिली किंवा नळीवर तेल ओघळलेले दिसले, तर दोष शॉक अॅब्सॉर्बरचा आहे. गाडी उभी असतानाच खाली किंवा एका बाजूला कललेली दिसली, तर संशय स्प्रिंगवर घ्यावा. शॉक अॅब्सॉर्बर नवे टाकून बसलेली गाडी सहसा वर येत नाही. त्यावर हजारो रुपये खर्चून ‘फरक पडला नाही’ म्हणणारे वाहनधारक कमी नाहीत.

उंची मोजायला यंत्र लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करावी, चारही टायरमधली हवा दाराजवळच्या पट्टीवर लिहिल्याप्रमाणे असावी, डिकीतले सामान काढून ठेवावे. मग चाकाच्या मध्यबिंदूपासून त्याच्या बरोबर वर असलेल्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही ठिकाणी मोजावे. जमिनीपासून मोजू नये, कारण त्यात टायरची झीज आणि हवा मिसळते. आपल्याच मॉडेलची, त्याच इंधनाची, कमी वापरलेली गाडी शेजारीपाजारी असेल तर तिचीही मापे घ्यावीत. हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा तपास आहे. डाव्या-उजव्या बाजूंत एक-दीड सेंटिमीटरहून अधिक फरक निघाला, तर स्प्रिंग तुटलेली आहे का, हे गाडी उचलून पाहणे आवश्यक ठरते.

तुटलेली स्प्रिंग दरवेळी लगेच दिसते असे नाही. ती पुष्कळदा सर्वांत खालच्या वेढ्याशी, बशीसारख्या बैठकीत तुटते. तिथे पाणी आणि चिखल साचतो, खडीच्या माऱ्याने रंगाचा थर उडतो, गंजाचा लहानसा खड्डा पडतो आणि रोज हजारो वेळा दबणाऱ्या तारेला त्या खड्ड्यातून चीर जाते. कोकणपट्टी, मुंबई आणि गोव्यातील खाऱ्या हवेत हे लवकर घडते. तुटलेला तुकडा बैठकीतच अडकून राहिला, तर गाडी जेमतेम सेंटिमीटरभर खाली येते आणि वळताना ‘टक्’ असा आवाज येतो. तो तुकडा सरकला आणि तारेचे टोक टायरच्या आतल्या बाजूला लागले, तर मात्र वेगात टायर चिरला जाऊ शकतो. असा आवाज येऊ लागला की गाडी लांबच्या प्रवासाला काढू नये.

स्प्रिंग ‘मऊ’ होत नाही

आता या विषयातला सर्वांत मोठा गैरसमज. ‘स्प्रिंग जुनी झाली, मऊ पडली, आता हार्ड टाका,’ असे म्हटले जाते. गंजाने तार झिजलेली नसेल, तर स्प्रिंगची ताठरता वयानुसार जवळजवळ बदलत नाही. एक मिलिमीटर दाबायला नवेपणी जितका भार लागत होता, तितकाच दहा वर्षांनीही लागतो. बदलते ती तिची मोकळी लांबी. सततच्या ओझ्याखाली पोलाद कणाकणाने कायमचे खचते, स्प्रिंग आखूड होते आणि गाडी तेवढी खाली येते. गाडी खाली आल्यामुळे चाकाला वर सरकायला जागा उरत नाही, सस्पेन्शन वारंवार शेवटच्या रबरी ठोकळ्यावर, म्हणजे बंप स्टॉपवर आदळते आणि आपल्याला वाटते की स्प्रिंग मऊ झाली. ही समजूत दुरुस्त झाली की उपायही बदलतो. हरवलेली असते ती लांबी, ताठरता नव्हे. म्हणून अधिक ताठर स्प्रिंग शोधायची नसते. मूळ ताठरतेची, मूळ लांबीची स्प्रिंग परत आणायची असते.

ताठरता तीन गोष्टींवर ठरते: तारेची जाडी, वेढ्याचा व्यास आणि मोकळ्या, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या वेढ्यांची संख्या. पोलादाचा स्वतःचा गुणधर्म सर्व मोटारींच्या स्प्रिंगांत जवळपास सारखाच असतो. यातली तारेची जाडी फार फसवी आहे, कारण ताठरता जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. १२ मिलिमीटर जाडीची तार आणि १३ मिलिमीटर जाडीची तार यांतला फरक रंगाच्या थराखाली डोळ्यांना कळत नाही. पण बाकी सारे समान असताना दुसरी स्प्रिंग तब्बल ३८ टक्के अधिक ताठर असते. वेढ्याचा व्यास वाढला तर ताठरता त्याच्या तिसऱ्या घाताच्या प्रमाणात कमी होते. दुकानात दोन स्प्रिंगा शेजारी उभ्या करून ‘सेम आहे, साहेब’ म्हणणाऱ्याचा हेतू वाईट नसेल, परंतु त्याची नजर इतकी सूक्ष्म असू शकत नाही.

एक उदाहरण घेऊ. आकडे सोयीचे धरले आहेत, पण छोट्या मोटारीच्या जवळपासचे आहेत. पुढच्या एका स्प्रिंगवर ३०० किलो भार येतो आणि ती २.४ किलोला एक मिलिमीटर दबते. म्हणजे गाडी उभी असताना स्प्रिंग १२५ मिलिमीटर दबलेली असते. आता त्याच लांबीची, पण १३ मिलिमीटर तारेची स्प्रिंग घातली. तिला एक मिलिमीटर दाबायला ३.३ किलो लागतात, म्हणून ती फक्त ९१ मिलिमीटर दबेल. गाडीचे नाक सुमारे साडेतीन सेंटिमीटर वर जाईल. हीच स्प्रिंग तेवढ्या प्रमाणात आखूड असती, तर गाडी बरोबर मूळ उंचीवर उभी राहिली असती आणि मालकाला काहीच कळले नसते. कळले असते ते फक्त रस्त्यावर, प्रत्येक खड्ड्यागणिक. म्हणून नुसत्या लांबीवरून स्प्रिंगची निवड करता येत नाही, आणि बसवल्यावर उंची बरोबर आली म्हणजे स्प्रिंग बरोबर आहे, असेही नाही. कित्येक स्प्रिंगांचे वेढे एकसारखे नसतात. काही जवळजवळ, काही दूरदूर असतात. अशी स्प्रिंग ओझे वाढेल तशी अधिक ताठर होत जाते. तिच्या बाबतीत तर डोळ्यांनी तुलना करण्यात अर्थच नसतो.

एकच नाव, अनेक वजने

मग योग्य स्प्रिंग ठरते कशावरून? त्या चाकांवर किती वजन येते यावरून. इथेच गाडीचे नाव अपुरे पडते. १९९८ मध्ये टाटांची इंडिका पेट्रोल व डिझेल अशा दोन्ही रूपांत आली. त्यानंतर एकाच नावाच्या छोट्या गाडीत दोन इंजिने मिळणे आपल्याकडे सर्रास झाले. डिझेल इंजिन जड असते. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत साधारण ६० ते १०० किलोंचा फरक पडू शकतो आणि त्यातला मोठा वाटा पुढच्या चाकांवर येतो. वरच्याच उदाहरणात प्रत्येक बाजूला ३५ किलो जादा धरले, तर २.४ किलोला एक मिलिमीटर दबणारी पेट्रोलची स्प्रिंग सुमारे १५ मिलिमीटर अधिक दबेल. सोसायटीच्या आवारात टेपने दाखवलेला दीड सेंटिमीटर तो हाच.

हा प्रश्न येत्या काही वर्षांत वाढण्याचीच शक्यता आहे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ निकष लागू झाले, तेव्हा मारुती-सुझुकीने डिझेल गाड्या बंद केल्या आणि छोट्या गाड्यांतून डिझेल इंजिन जवळपास हद्दपार झाले. रस्त्यावर आज दिसणाऱ्या बहुतेक छोट्या डिझेल गाड्या त्यापूर्वीच्या आहेत. म्हणजे त्यांच्या स्प्रिंगा बदलण्याचे वय आता आले आहे आणि त्यांतल्या अनेक गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत. आधीच्या मालकाने कोणत्या स्प्रिंगा घातल्या, हे नव्या मालकाला ठाऊक नसते.

सीएनजीची गोष्ट मागच्या चाकांची आहे. डिकीतली ६० लिटरची पोलादी टाकी, तिची चौकट आणि वायू मिळून एका प्रौढ माणसाएवढे वजन होते. हा प्रवासी गाडीतून कधीच उतरत नाही. कंपनीतूनच सीएनजी बसवून आलेल्या गाडीत मागच्या सस्पेन्शनची जुळणी त्या हिशेबाने केलेली असते. बाहेरून किट बसवलेल्या गाडीत बहुधा मूळ पेट्रोलच्याच स्प्रिंगा राहतात. अशा गाडीची मागची स्प्रिंग बदलायची असेल आणि त्याच मॉडेलची कंपनी-सीएनजी आवृत्ती उपलब्ध असेल, तर तिच्या स्प्रिंगचा पार्ट क्रमांक मागणे हा सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे. मात्र दोन्ही गाड्या एकाच पिढीच्या हव्यात आणि तो क्रमांक त्या गाडीला लागू होतो का, हे सर्व्हिस स्टेशनकडून तपासून घ्यावे. विजेवर चालणाऱ्या गाड्यांचे तर बोलायलाच नको. बॅटरीमुळे त्या आपल्या पेट्रोल भावंडांपेक्षा काहीशे किलोंनीही जड असू शकतात. नाव आणि पत्रा सारखा असला तरी त्यांच्या स्प्रिंगा वेगळ्या.

शिवाय स्वयंचलित गिअरबॉक्स, वातानुकूलन यंत्रणा नसलेली जुनी मूळ आवृत्ती, मॉडेलमध्ये मध्येच झालेला बदल, अशा कारणांनीही स्प्रिंग बदललेली असते. काही गाड्यांत तर डावी आणि उजवी स्प्रिंगही भिन्न असते.

दुकानात काय सांगायचे?

गाडीचे नाव आणि साल नव्हे, तर १७ अक्षर-अंकांचा चॅसिस क्रमांक सांगायचा. तो नोंदणी पुस्तकात असतो. अधिकृत सर्व्हिस स्टेशनच्या सुट्या भागांच्या काउंटरवर तो क्रमांक दिला की संगणकावर त्या विशिष्ट गाडीचा स्प्रिंगचा पार्ट क्रमांक निघतो. तो लिहून घ्यावा. मग स्प्रिंग तिथेच घ्या किंवा पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाऊस परिसरात. चांगल्या कंपनीची बाहेरची स्प्रिंग घेण्यात काही गैर नाही, परंतु तिच्या यादीत आपला मूळ पार्ट क्रमांक छापलेला दिसला पाहिजे. ‘यात चालून जाते’ हे उत्तर स्वीकारू नये.

जुन्या स्प्रिंगवर रंगाचे पट्टे किंवा ठिपके असतात. ते शोभेसाठी नसतात, ती कारखान्याची खूण असते. गाडीखाली शिरून, चिखल ओल्या फडक्याने पुसून हे रंग पाहावेत आणि भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढून ठेवावे. पण या रंगांचा अर्थ प्रत्येक कंपनीत निराळा असतो, त्यामुळे एका कंपनीचा पिवळा पट्टा दुसरीला लावता येत नाही. काही कंपन्या एकाच पार्ट क्रमांकाच्या स्प्रिंगांचेही प्रत्यक्ष ताकदीनुसार दोन गट करून वेगळे रंग देतात. अशा वेळी दोन्ही बाजूंना एकाच गटाची जोडी हवी. आणखी एक सावधगिरी म्हणजे जुन्या गाडीवरच्या स्प्रिंगा मूळच्याच आहेत, असे गृहीत धरू नये. आधीच्या मालकाचीच चूक आपण नव्याने विकत घेण्याचा संभव असतो. रंग आणि चॅसिस क्रमांकावरून निघालेला भाग जुळत नसेल, तर चॅसिस क्रमांकावर विश्वास ठेवावा.

भंगारातून काढलेली स्प्रिंग स्वस्त मिळते. पण ती किती खचली आहे आणि तिने किती खड्डे सोसले आहेत, हे तिच्याकडे पाहून कोणी सांगू शकत नाही. टायर, ब्रेक आणि स्प्रिंग या तीन वस्तू जुन्या घेऊ नयेत, असे या प्रतिनिधीचे स्पष्ट मत आहे.

‘हार्ड टाकून देतो’

कापणे, तापवणे आणि रबर अडकवणे हे उपाय अजून गेलेले नाहीत, म्हणून त्यांचे काय होते ते सांगितले पाहिजे. पाच मोकळ्या वेढ्यांपैकी एक कापला तर उरलेली स्प्रिंग २५ टक्के अधिक ताठर होते, गाडी तरीही खाली येते आणि कापलेले टोक बैठकीत नीट टेकत नाही. गॅसच्या ज्योतीने तापवले की पोलादाला कारखान्यात दिलेला पाण निघून जातो. तापवून ओढलेली स्प्रिंग त्या दिवशी उंच दिसते, मग पुन्हा बसते किंवा तडकते. वेढ्यांच्या मध्ये घालायचे रबरी बफर जाहिरातींत फार लोकप्रिय आहेत. ते ज्या वेढ्यांत अडकतात ते काम करणे थांबवतात, म्हणजे परिणाम वेढा कापण्यासारखाच आणि उरलेल्या वेढ्यांवर ताण जास्त. बफरच्या फटीत चिखल आणि पाणी साचते ते वेगळेच.

मुद्दाम अधिक ताठर स्प्रिंग घेण्याचा मोह मात्र समजण्यासारखा आहे. वर्षातून दोनदा गावी जाताना पाच माणसे आणि ५० किलो सामान, म्हणजे सव्वाचारशे किलोंच्या घरात ओझे होते आणि गाडी मागून टेकते. पण उरलेले तीनशेहून अधिक दिवस त्या गाडीत एक किंवा दोन माणसे असतात. तेव्हा ही ताठर स्प्रिंग रिकाम्या गाडीला उडवते. तिची उसळी आवरण्याची शक्ती मूळ शॉक अॅब्सॉर्बरमध्ये नसते, कारण तो मूळ स्प्रिंगशी जुळवलेला असतो. खडबडीत रस्त्यावर चाक क्षणभर जमीन सोडते आणि त्या क्षणी ब्रेक व स्टिअरिंग दोन्ही निरुपयोगी असतात. एबीएस नसलेल्या काही जुन्या गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब गाडीच्या मागच्या उंचीवरून ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. मागचा भाग कृत्रिमरीत्या उंच झाला की गाडी रिकामी आहे अशी त्याची समजूत होते आणि भरलेल्या गाडीतही तो मागचे ब्रेक कमी लावतो. कायम ओझे वाहणाऱ्या गाडीचा विचार वेगळा, तिला उत्पादकाचीच जड कामाची स्प्रिंग उपलब्ध असेल तर ती अवश्य घालावी. सणासुदीच्या दोन फेऱ्यांसाठी मात्र टायरमध्ये भरलेल्या गाडीसाठी सांगितलेली हवा भरावी आणि दोन बॅगा एसटीच्या डब्यातून पुढे पाठवाव्यात.

याच्या उलट हौस असते ती गाडी खाली आणण्याची. युरोपात अशा आखूड स्प्रिंगा राजरोस विकल्या जातात. जर्मनीत त्यांच्यासोबत मिळणाऱ्या तपासणी-प्रमाणपत्रात ती स्प्रिंग कोणत्या मॉडेलला आणि आसावरच्या किती वजनापर्यंत चालेल, हे नमूद असते. तिथेही निवड वजनावरूनच होते, हे लक्षात घ्यावे. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. आपल्या गल्लीतला गतिरोधक वाचकांनी एकदा मोजून पाहावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. मूळ मापाची स्प्रिंग बदलणे ही दुरुस्ती आहे. गाडीची उंची बदलणे ही निराळी बाब आहे आणि अपघातानंतर विमा कंपनी त्यावर बोट ठेवू शकते.

बसवताना

एकच स्प्रिंग तुटली असली तरी त्या आसावरच्या दोन्ही एकदम बदलाव्यात. एक नवी व एक खचलेली अशी जोडी गाडीला तिरके उभे करते. स्प्रिंगखालचे रबर, बंप स्टॉप आणि पुढच्या बाजूचे वरचे माउंटिंग व बेअरिंग त्याच वेळी तपासावे, कारण ते बदलायला पुन्हा सारे उघडावे लागते.

हे काम घरी करण्याच्या भानगडीत पडू नये. वरच्या उदाहरणातली स्प्रिंग १५० मिलिमीटर दाबली की तिच्यात साठणारी ऊर्जा दहा किलोचे वजन पावणेतीन मीटर उंचीवरून पडल्याइतकी असते. योग्य कॉम्प्रेसर न लावता दोरी किंवा तार बांधून स्प्रिंग उतरवणाऱ्या गॅरेजमधून गाडी सरळ बाहेर काढावी. तिथल्या पोरांच्या हातातोंडाचा प्रश्न असतो. रबरी बुश असलेले बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, वजन आल्यावर शेवटचे आवळायचे असतात. जॅकवर लटकत्या स्थितीत आवळले तर रबर कायम पिळलेले राहते, उंची चुकते आणि बुश लवकर फाटतो. ही गोष्ट अनेक गॅरेजांत पाळली जात नाही, म्हणून समोर उभे राहून सांगावी लागते.

उंची बदलली की चाकांचा कोनही बदलतो. म्हणून व्हील अलाइनमेंट आलेच, आणि हेडलाइटचा झोतही तपासावा. मागून बसलेली गाडी समोरच्याच्या डोळ्यांत प्रकाश मारत असते; ती वर आली की तोच झोत रस्त्यावर उतरतो. नव्या स्प्रिंगा पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये किंचित खाली येऊन स्थिरावतात, तेव्हा त्यानंतर चारही मापे पुन्हा घेऊन अलाइनमेंट एकदा पाहून घ्यावे.

प्रस्तुत प्रतिनिधीच्या गाडीत चॅसिस क्रमांकावरून मागवलेल्या डिझेलच्या स्प्रिंगा नंतर बसल्या. पेट्रोलच्या दोन नव्या स्प्रिंगा गॅरेजवाल्याने परत घेतल्या नाहीत. ‘लागतात तर आहेत,’ असे त्याचे म्हणणे होते. त्या घराच्या गॅलरीत पडून आहेत. पाचशे किलोमीटरनंतर घेतलेली चार मापे एका कागदावर लिहून, तारखेसह, नोंदणी पुस्तकाच्या पाकिटात ठेवली आहेत. शेजारच्या गाडीशी पुढचा फरक आता दोन मिलिमीटरचा आहे.